थांबायचं कुणी?

नांदेडहून लातूरच्या रस्त्याला लागलं की शहर संपता संपता विष्णुपुरी येते. गोदावरीवरचा उपसा सिंचन प्रकल्प आणि त्याचा शंकरसागर जलाशय इथला. १९८१ साली सुरू झालेली श्री गुरू गोविंदसिंघजी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्था इथली, १९९४ चं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ इथलं, डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही इथंच. लोहा, कंधार, मुखेड, देगलूर, किनवट या भागांतली लेकरं इथं शिकायला येतात आणि त्यातली बरीच वसतिगृहांत राहतात. आज अशा कुठल्याही कॅम्पसचा दिवस त्याच्या नेटवर्कवर चालतो, आणि ते नेटवर्क जिन्याखालच्या कपाटांत बसवलेल्या स्विचवर.

स्विचवर गर्दी झाली की कुणाचं पॅकेट, म्हणजे डेटाचा तुकडा, आधी जाईल, कुणाचं थांबेल आणि कुणाचं टाकून दिलं जाईल, हे आधीच लिहून ठेवण्याला ‘क्वालिटी ऑफ सर्व्हिस’ म्हणतात. बोलताना नुसतं क्यूओएस. ते लिहिणारा माणूस बहुधा एकटा असतो. त्यानं काय लिहिलं हे कुणी विचारत नाही, कारण विषय तांत्रिक समजला जातो. मला तो तेवढाच तांत्रिक वाटत नाही, म्हणून ही मांडणी. संवादातली दोन माणसं कुठल्या एका संस्थेतली नाहीत. वादाच्या दोन बाजू बोलत्या व्हाव्यात म्हणून मी ती उभी केली आहेत. सर इलेक्ट्रॉनिक्स शिकवून निवृत्त झालेले, अनेक वर्षं होस्टेलचे रेक्टर. ती त्यांची जुनी विद्यार्थिनी, आता एका कॅम्पसचं नेटवर्क सांभाळणारी इंजिनिअर.

सर : तू म्हणायलीस की प्रयोगशाळेच्या इमारतीचं अपलिंक वीसच टक्के भरतं. म्हणजे ऐंशी टक्के रिकामं. मग क्यूओएस कशासाठी पाहिजे? रिकाम्या ठिकाणी रांग लावायची?

इंजिनिअर : वीस टक्के ही पाच मिनिटांची सरासरी आहे, सर. गर्दी मात्र मिलिसेकंदांत होते आणि मिलिसेकंदांत ओसरते. त्या इमारतीतल्या स्विचला अठ्ठेचाळीस पोर्ट आहेत, प्रत्येक एक गिगाबिटचं. मुख्य स्विचकडे जाणारं अपलिंकही एकच गिगाबिटचं. दोन संगणकांनी एकाच वेळी पूर्ण वेगानं पाठवायला सुरुवात केली, तर दर मिलिसेकंदाला १२५ किलोबाइट जास्तीचे येतात. ते बफरमध्ये थांबतात. बफर दोन मेगाबाइटचा धरला तर तो सोळा मिलिसेकंदांत भरतो. त्यानंतर येणारं पॅकेट टाकून दिलं जातं; ते सिनेमाचं आहे की दवाखान्याच्या फोनचं, हे स्विच बघत नाही. पाच मिनिटांत तीन लाख मिलिसेकंद असतात. त्यातल्या शे-दोनशे मिलिसेकंदांचा झटका आलेखावर दिसणारच नाही.

सर : टाकून दिलेली पॅकेटं मोजणारे ड्रॉप काउंटर बघितलेस का?

इंजिनिअर : बघितले. सकाळी साडेदहानंतर वाढत जातात, जेवणाच्या सुट्टीत थांबतात, दुपारी पुन्हा वाढतात.

सर : मग दहा गिगाबिटचं अपलिंक टाक. फायबर आहेच, दोन्ही टोकांना मॉड्यूल बदलायचं, एकदाच खर्च. हे माझं एकट्याचं मत नाही. अमेरिकेत इंटरनेट-टू नावाचं विद्यापीठांचं नेटवर्क आहे. त्यांनी ‘प्रीमियम सर्व्हिस’चा मोठा प्रयोग केला, आणि २००२ मध्ये त्याच प्रकल्पातल्या बेंजामिन टायटेलबॉम आणि स्टॅनिस्लाव शालुनोव्ह यांनी लिहून टाकलं की ही सेवा उभी राहिली नाही आणि बहुधा कधी राहणारही नाही. कारणं साधी होती. वाटेतल्या प्रत्येक राउटरवर ती लावावी लागते, सांभाळणारी माणसं लागतात, आणि नेटवर्क मोकळं असेल तर प्रीमियम आणि साधं यातला फरक कुणाला कळतही नाही. त्यापेक्षा क्षमता वाढवणं स्वस्त पडतं.

इंजिनिअर : त्या प्रयोगात वाटेवर अनेक मालक होते, सर. एकानं पॅकेटवरची अग्रक्रमाची खूण मानली तर दुसरा पुसायचा. आपल्या कॅम्पसमध्ये होस्टेलच्या खोलीपासून बाहेर पडणाऱ्या राउटरपर्यंत मालक एकच. आणि दहा गिगाबिट टाकून गर्दी फक्त पुढच्या नाक्यावर सरकेल. आपण सेवा देणाऱ्याकडून २०० मेगाबिट घेतो. आत कितीही रुंद केलं तरी बाहेरचं दार तेवढंच.

सरांचा मुद्दा हलका नाही. क्यूओएसनं एक बिटही नवीन तयार होत नाही, हे या क्षेत्रात नवखी माणसं विसरतात आणि विक्रेते आठवण करून देत नाहीत. स्विचवर चार रांगा केल्या म्हणून अपलिंक रुंद होत नाही. एकाला आधी सोडलं की दुसरा थांबतोच. जिथं गर्दी रोजची आणि तासन्‌तास टिकणारी आहे, तिथं आधी लिंक वाढवली पाहिजे. त्याला पर्याय नाही. क्यूओएसचं खरं क्षेत्र थोड्या वेळाची, अचानक उसळणारी गर्दी हे आहे. विष्णुपुरीच्या माणसाला हे पटवायला फार बोलावं लागत नाही, म्हणूनच सर पुढं पाण्याच्या उदाहरणाकडे गेले ते साहजिक होतं.

सर : पाण्याचं उदाहरण घे. आपल्या शेजारी धरण आहे. पिण्याचं पाणी आधी, हे सगळ्यांना मान्य. पण दुसरा कोण? २००३ च्या राज्य जलनीतीत उद्योग दुसरा होता आणि शेती तिसरी. आरडाओरडा झाला, विधिमंडळात चर्चा झाली, आणि २०११ मध्ये शेती दुसऱ्या जागी आली. क्रम बदलायला आठ वर्षं लागली, पण तो कागदावर होता म्हणून त्यावर भांडता आलं. तुझ्या स्विचमधला क्रम कुठल्या कागदावर आहे? कुणी भांडायचं म्हटलं तर कुठं जायचं?

इंजिनिअर : तुम्हीच म्हणालात, पिण्याचं पाणी आधी हे सगळ्यांना मान्य. ते मान्य होतं कारण ते थोडं लागतं. फोनचं तसंच आहे. जी.७११ कोडेकचा एक कॉल म्हणजे सेकंदाला ५० पॅकेट, प्रत्येकात १६० बाइट आवाज. हेडर धरून, इथरनेटवर एका बाजूला साधारण ८७ किलोबिट. एकाच वेळी चाळीस कॉल चालू असले तरी साडेतीन मेगाबिट, एक गिगाबिटच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी. एवढ्याशा गोष्टीला आधी सोडलं तर मागच्याला कळणारही नाही. पण तिला थांबवलं तर मात्र लगेच कळतं. बोलणाऱ्याच्या तोंडापासून ऐकणाऱ्याच्या कानापर्यंत १५० मिलिसेकंदांच्या आत आवाज पोचावा, असं आयटीयूची जी.११४ शिफारस सांगते. सिनेमा पाच सेकंद आधीच साठवून ठेवता येतो. बोलणं साठवता येत नाही.

सर : हे मी मान्य करतो. पण पाण्याची गोष्ट पुरी होऊ दे. २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. त्या वेळी अग्रक्रमाची यादी कितीही चांगली असली तरी वाटायला पाणीच नव्हतं. म्हणून म्हणतो, यादीच्या आधी साठा बघ.

इंजिनिअर : साठा बघितला म्हणूनच एक गोष्ट सापडली. त्या वीस टक्क्यांमधले सोळा टक्के कॅमेऱ्यांचे आहेत. तीन इमारतींचे मिळून चाळीस कॅमेरे, एकेकाला चार मेगाबिट धरले तर १६० मेगाबिट, रात्रंदिवस. आणि ते एकसारखं वाहत नाही. ठरावीक वेळानं प्रत्येक कॅमेरा पूर्ण चित्र पाठवतो, की-फ्रेम. पाच-सहा कॅमेऱ्यांच्या की-फ्रेम एकाच क्षणी आल्या, त्यात प्रयोगशाळेतला वर्ग एकदम फाइल उतरवायला लागला, की काउंटर चढलाच.

सर : मग लेकरांच्या मागं कामून लागलीस? मागच्या वेळी भेटलो तेव्हा तू म्हणत होतीस, होस्टेलची वाहतूक सगळ्यात खालच्या रांगेत टाकणार.

इंजिनिअर : म्हणत होते. सगळीकडे तसंच करतात. परीक्षा विभाग वर, कार्यालय मधे, होस्टेल खाली.

सर : सगळीकडे करतात म्हणून बरोबर होतं का? रात्री अकरा वाजता होस्टेलमध्ये एनपीटीईएलचं ऑनलाइन व्याख्यान बघणारं पोरगं आणि त्याच वेळी बॅकअप घेणारा सर्व्हर, यातलं थांबायचं कुणी? सर्व्हर पहाटे तीनलाही बॅकअप घेऊ शकतो. खालची रांग करायचीच असेल तर ती यंत्रांसाठी कर. बॅकअप, विंडोजचे अपडेट, कॅमेऱ्यांचं जुनं रेकॉर्डिंग दुसरीकडे नेणं, हे सगळं तिथं घाल.

इंजिनिअर : हे बरोबर आहे, आणि त्यासाठी खूणही आहे. आयपी हेडरमध्ये सहा बिटांची डीएससीपी खूण असते, १९९८ च्या डिसेंबरात आरएफसी २४७४ नं ठरवलेली. सहा बिट म्हणजे ६४ खुणा. आवाजासाठी ४६. आणि सर्वांत शेवटी गेलं तरी चालेल अशा वाहतुकीसाठी पूर्वीपासून ८ वापरतात. २०१९ मध्ये आरएफसी ८६२२ नं त्यासाठी वेगळी १ ठरवून दिली. फक्त एक जपावं लागतं. इथरनेटच्या ८०२.१क्यू टॅगमध्ये अग्रक्रमाला तीनच बिट आहेत, शून्य ते सात. तिथं १ हा शून्याच्या खालचा वर्ग आहे. एक मोठा म्हणून कुणी साध्या वाहतुकीला १ दिला, तर ती वर जायच्या ऐवजी तळाला जाते.

सर : बघ, एवढ्या बारीक गोष्टी आहेत. तू बदलून दुसरीकडे गेलीस की इथं येणाऱ्याला हे कोण सांगणार? माझी खरी भीती ती आहे. अर्धवट क्यूओएसपेक्षा क्यूओएस नसलेलं बरं.

इंजिनिअर : अर्धवट लावलं तर नुकसान होतं, हे खरंय. सिस्कोच्या जुन्या कॅटॅलिस्ट २९६०, ३५६०, ३७५० मालिकांवर क्यूओएस मुळात बंद असतं. ‘एमएलएस क्यूओएस’ ही एकच ओळ टाकली की ते चालू होतं. त्या क्षणी प्रत्येक पोर्ट अविश्वासू ठरतं. फोननं ४६ ची खूण लावून पाठवली तरी ती पुसून शून्य केली जाते. राखीव बफर चार रांगांत सारखा वाटला जातो, आणि खुणा पुसल्या गेल्यामुळे वाहतूक मात्र जवळजवळ सगळी एकाच रांगेत उभी राहते. म्हणजे आवाज सुधारावा म्हणून ओळ टाकायची आणि आधी होती त्याहून जास्त पॅकेट गळायला लागायची. नव्या कॅटॅलिस्ट ९००० मालिकेत उलटं आहे, तिथं आलेली खूण आपोआप मानली जाते. जुनं आणि नवं एकाच कॅम्पसमध्ये असेल तर एकच सूचना दोन ठिकाणी दोन अर्थांची.

सर : आणि आलेली खूण आपोआप मानायची म्हणजे होस्टेलमधल्या हुशार पोरानं आपल्या लॅपटॉपवर सगळ्याच पॅकेटांना ४६ लावलं तर?

इंजिनिअर : लिनक्सवर ते एका ओळीचं काम आहे. म्हणून विश्वासाची सीमा आखावी लागते. भिंतीतल्या सॉकेटवरून येणारी खूण मानायची नाही, ती आपण लावायची. फोन लावला असेल तर स्विच एलएलडीपी या प्रोटोकॉलनं त्याला ओळखतो, तेव्हा फोनची खूण मानायची, पण फोनच्या मागं जोडलेल्या संगणकाची नाही. सीमेच्या आत, स्विच ते स्विच, खूण पूर्ण मानायची. आणि मधे कुठं कुणी बाजारातून आणलेला साधा, व्यवस्थापनाची सोय नसलेला स्विच लावला असेल तर तो आधी काढायचा. तिथं अरुंद जागा असेल तर आपल्या रांगांना काही अर्थ राहत नाही, बळी तो कान पिळी.

सर : ‘अविश्वासू पोर्ट’ हे स्विचचं झालं. लेकरांना मात्र असं सांगू नको. त्यांना सांग की खूण लावण्याचं काम कुणाचं आहे.

इथून पुढं बोलणं रांगा सोडवायच्या पद्धतीकडे वळलं. माझ्या मते क्यूओएसचं सगळं बरं-वाईट याच ठिकाणी ठरतं, खुणा लावण्यात नाही. खूण म्हणजे नुसतं नाव; त्या नावाला काय मिळणार हे रांगेचा नियम सांगतो. कडक अग्रक्रम हा सगळ्यात सोपा नियम आहे. वरच्या रांगेत एक पॅकेट जरी असेल तरी खालच्यांनी थांबायचं. वरची रांग छोटी असेपर्यंत ते ठीक. ती फुगली की खालची उपाशी मरते, आणि स्विच त्याबद्दल कुठलीही तक्रार नोंदवत नाही. त्यानं सांगितलेलं चोख केलेलं असतं.

इंजिनिअर : कडक अग्रक्रम फक्त आवाजाच्या रांगेला, आणि तिलाही वरून झाकण. लिंकच्या दहा टक्क्यांच्या वर ती गेली तर जास्तीचं टाकून द्यायचं. एक-तृतीयांशाच्या वर जाऊ देऊ नये असा रूढ संकेत आहे, आपल्याला तेवढंही लागत नाही. बाकीच्या रांगांना हिस्से वाटून द्यायचे, आळीपाळीनं.

सर : आळीपाळी पॅकेट मोजून की बाइट मोजून?

इंजिनिअर : बाइट मोजून.

सर : हे नीट समजून घेतलंस ना? पॅकेट मोजून पाळी दिली तर १५०० बाइटचं पॅकेट पाठवणारा २०० बाइटवाल्याच्या साडेसातपट घेऊन जातो. १९९५ मध्ये एम. श्रीधर आणि जॉर्ज वर्गीस यांनी डेफिसिट राउंड रॉबिन मांडलं ते यासाठी. वर्गीस मुंबईच्या आयआयटीतून शिकलेले. त्यांची युक्ती मला फार आवडते. प्रत्येक रांगेला दर पाळीला ठरावीक बाइटांची उधारी मिळते. पॅकेट उधारीपेक्षा मोठं असेल तर या पाळीला थांबायचं, पण उरलेली उधारी पुढच्या पाळीत जमा होते. कुणाचं बुडत नाही. आणि हिशोब इतका हलका की तो स्विचच्या चिपमध्ये बसतो. न्याय करायचा तर तो वेगानं करता आला पाहिजे, नाहीतर तो कागदावर राहतो.

इंजिनिअर : मी असा विचार केला आहे. आवाज दहा टक्क्यांच्या झाकणाखाली. परीक्षा विभाग आणि चालू असलेले ऑनलाइन वर्ग यांना किमान तीस टक्के. उरलेले सगळे, होस्टेल, ग्रंथालय, कार्यालय, किमान पंचावन्न. यंत्रांची पडेल कामं, किमान पाच. आणि कुणी आपला हिस्सा वापरत नसेल तर तो बाकीच्यांना मिळतो, वाया जात नाही.

सर : परीक्षा विभाग आवाजाच्या रांगेत नाही, हे चांगलं केलंस. प्रश्नपत्रिका नेटवरून येते तेव्हा सगळे घाबरलेले असतात आणि तिला सगळ्यात वर बसवा म्हणतात. पण पाच मेगाबाइटची फाइल म्हणजे चाळीस मेगाबिट. तिला दहा मेगाबिट जरी खात्रीनं मिळाले तरी चार सेकंदांत येते. तिला घाई नाही, तिला हमी पाहिजे. घाई आणि हमी या दोन वेगळ्या गरजा आहेत.

इंजिनिअर : हे मला कार्यालयाला समजावून सांगता आलेलं नाही. आणि अजून एक अडचण आहे. मोठ्या साहेबांची व्हिडिओ बैठक. ती सगळ्यात वर ठेवा, असा निरोप येतो.

सर : का ठेवायची? बैठक म्हणून की साहेबांची म्हणून?

इंजिनिअर : साहेबांची म्हणून.

सर : मग नको. व्हिडिओ बैठक ही एक प्रकारची वाहतूक आहे. तिला जी रांग मिळेल ती प्रत्येक बैठकीला मिळाली पाहिजे, मग ती साहेबांची असो की पीएचडीच्या तोंडी परीक्षेची, की किनवटच्या पोरीच्या नोकरीच्या मुलाखतीची. ट्राय या दूरसंचार नियामकानं २०१६ च्या फेब्रुवारीत डेटाच्या दरातला भेदभाव बंद केला, २०१८ मध्ये सरकारनं नेट न्यूट्रॅलिटीच्या तरतुदी परवान्यांतच घातल्या. आपण दूरसंचार कंपनी नाही, ते नियम आपल्याला लागू नाहीत, मला माहीत आहे. पण त्यातही वाजवी व्यवस्थापनाला मोकळीक आहे, आणि वाजवी म्हणजे वाहतुकीच्या गरजेवरून ठरवलेलं. ते तत्त्व घ्यायला आपल्याला कुणी अडवलंय?

इंजिनिअर : तत्त्व पटतं. पण ओळखायचं कसं? सगळं ४४३ पोर्टवरून, बंद लिफाफ्यात जातं. २०२१ मध्ये क्विक हा प्रोटोकॉल प्रमाण झाला तेव्हापासून यूडीपीवरही तेच. मुलाखत आणि सिनेमा स्विचला सारखेच दिसतात. साहेबांच्या खोलीतलं पोर्ट मात्र मला माहीत आहे. म्हणून हात आपोआप तिकडे जातो.

हे वाक्य मला या सगळ्या वादात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. माणसाच्या पदावरून रांग ठरते ती नेहमीच कुणाच्या दांडगाईमुळे नाही. बऱ्याचदा ते सोपं पडतं म्हणून. स्विचवरच्या पोर्टचा क्रमांक माहीत असतो, कामाचं स्वरूप माहीत नसतं. म्हणून इंजिनिअरनं नुसती प्रामाणिक इच्छा ठेवून भागत नाही, तिला वेगळं साधन लागतं. आणि तसं साधन आहे.

सर : ओळखता येत नसेल तर ओळखूच नको. सगळ्यांना सारखं वाट. बाहेर जाणाऱ्या राउटरवर एफक्यू-कोडेल लाव. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये कोडेल मांडलं, पॅकेट रांगेत किती वेळ उभं आहे हे बघून रांग आटोक्यात ठेवणारं. त्याला न्याय्य वाटपाची जोड देऊन २०१८ मध्ये आरएफसी ८२९० आलं. ते नाव, गाव, पद काही विचारत नाही. थोडं थोडं पाठवणारा प्रवाह आपोआप पुढं जातो, धो-धो ओतणारा आपल्या हिश्शात राहतो. बोलणं पातळ असतं, म्हणून ते न सांगता सांभाळलं जातं.

इंजिनिअर : स्विचच्या चिपमध्ये ते नाही, सर. तिथं पोर्टामागं चार किंवा आठ रांगा, बस. लिनक्सवरचं एफक्यू-कोडेल मात्र सहज १०२४ रांगा करतं. म्हणजे ते राउटरवर जमेल. आणि एकच माणूस पन्नास जोडण्या उघडून पन्नास हिस्से घेणार असेल तर केक नावाची पुढची आवृत्ती आहे, ती आधी माणसागणिक वाटते, मग जोडणीगणिक.

सर : मग राउटरवर तेच लाव. होस्टेलचं खरं भांडण त्या २०० मेगाबिटवरच आहे.

इंजिनिअर : लावेन, पण रांग तिथं उभी राहील अशी व्यवस्था आधी करावी लागेल. आपलं पोर्ट गिगाबिटचं आणि करार २०० चा. आपण वाटेल तेवढं सोडतो आणि पलीकडचा २०० वर सगळं छाटतो, न बघता. म्हणून आपणच १९० वर आवळायचं. दहा मेगाबिट सोडायचे आणि त्या बदल्यात निर्णय आपल्या हातात ठेवायचा. येणाऱ्या बाजूलाही तसंच, तिथं परिणाम थोडा उशिरा आणि अप्रत्यक्ष होतो, पण पाठवणाऱ्याकडचं टीसीपी वेग कमी करून सावरतं.

सर : दहा मेगाबिट सोडायचे हे सांगायला हिंमत लागेल. विकत घेतलेलं कामून सोडता, असं विचारतील.

इंजिनिअर : विचारलंच तर मोजून दाखवेन. आधी आणि नंतर, फोनचा उशीर किती ते.

सर : आणि वाय-फाय? होस्टेलमध्ये तारेवर कोण बसतंय आता?

इंजिनिअर : तिथं एक गोची आहे. वाय-फायमध्ये २००५ च्या ८०२.११ई पासून चार वर्ग आहेत : आवाज, व्हिडिओ, साधं आणि पडेल. बरीच उपकरणं डीएससीपीचे वरचे तीन बिट घेऊन वर्ग ठरवतात. ४६ चे वरचे तीन बिट म्हणजे ५, आणि वाय-फायमध्ये ५ हा व्हिडिओ. म्हणजे तारेवर सगळ्यात पुढं असलेला आवाज हवेत गेला की एक पायरी खाली येतो. आरएफसी ८३२५ नं २०१८ मध्ये ४६ साठी ६ सुचवलं आहे. कंट्रोलरवर ते हातानं लिहावं लागतं, नाहीतर स्विचवर केलेली सगळी मेहनत शेवटच्या दहा मीटरमध्ये जाते.

सर : तारेची मेहनत तारेपुरती. आणि लातूर रस्त्याकडेला कुणाचा जेसीबी फायबरवर पडला तर सगळीच मेहनत गेली. दुसऱ्या वाटेनं दुसरी लिंक घे, हे मी दहा वेळा सांगितलंय.

इंजिनिअर : त्याचा प्रस्ताव वेगळा दिला आहे. तो क्यूओएसच्या नावाखाली घालणार नाही. दोन्ही एकत्र दिले की एकच मंजूर होतं, आणि ते स्वस्त असलेलं.

सर : बरं. आता कागदाचं बोलू. मी माझा विरोध मागं घ्यायलो असं समजू नको. दहा गिगाबिटचं अपलिंक मला पाहिजेच. पण तुझ्या रांगा मान्य करायच्या तर माझ्या तीन अटी आहेत. कॉन्फिगरेशन एका पानावर मराठीत लिहून लावायचं : कुठली खूण, कुठली रांग, किती हिस्सा, कामून. सर्वसाधारण रांगेत किती पॅकेट गळाली याचा आकडा दर महिन्याला होस्टेलच्या फलकावर. आणि वर्षातून एकदा हिस्से नव्यानं बघायचे, त्या बैठकीत होस्टेलचा प्रतिनिधी पाहिजे.

इंजिनिअर : पान लिहिते. इंग्रजी आज्ञांच्या शेजारी मराठीत कारण, म्हणजे माझ्यानंतर येणाऱ्यालाही उपयोगी पडेल. आकडाही लावेन, पण नुसती गळती नाही. एकूण पॅकेटांपैकी किती, हे सोबत पाहिजे, नाहीतर दहा हजार गळाली वाचून पोरं घाबरतील आणि त्यातलं टीसीपीनं निमूट पुन्हा पाठवलेलं किती हे कुणालाच कळणार नाही. बैठक ऑगस्टमध्ये घेऊ, प्रवेशांची गडबड ओसरल्यावर आणि परीक्षांच्या बऱ्याच आधी.

सर : प्रतिनिधीचं बोल.

इंजिनिअर : प्रतिनिधी बसू दे. आवाजाला ४६ की ४०, हे त्याच्याशी मतदानानं ठरवणार नाही. ते जगभर ठरलेलं आहे. सर्वसाधारण रांगेचा किमान हिस्सा पंचावन्न असावा की साठ, त्यावर त्याचं मत मोजू.

सर : आणि तो साठ म्हणाला, कार्यालय पन्नास म्हणालं तर?

इंजिनिअर : तर आधीच्या तीन महिन्यांचे काउंटर टेबलावर ठेवायचे, कुणाची रांग किती वेळा भरली ते. ज्याची रांग कधी भरलीच नाही त्यानं आपला हिस्सा सोडायचा. परीक्षा विभागाचे तीस टक्के परीक्षेच्या महिन्यांतच लागतात, माझा अंदाज असा आहे की तिथूनच पाच निघतील.

सर : अंदाज नको. परीक्षेच्या महिन्याचे आकडे वेगळे काढ आणि बाकीच्यांचे वेगळे. आणि साहेबांच्या खोलीतल्या पोर्टाचेही.